सहावा पडदा

गुरुवारी सकाळी मी ‘साडेअकरा’चा निरोप ऐकत होते, आणि त्याच्या आवाजाच्या मागं माझी बेस गिटार वाजली. एकतीस वर्षांपूर्वी विकलेली. मी दचकले नाही. दचकणं माझ्या स्वभावात नाही. निरोप थांबवला, हेडफोन कानांवर नीट बसवले, चार सेकंद मागं गेले आणि परत ऐकलं. मग परत. कुणीतरी, बहुतेक दुकानात आलेलं गिऱ्हाईक, एकेक सूर सावकाश चढत होतं, अंधाऱ्या जिन्यावर पायऱ्या चाचपत चढावं तसं, आणि सगळ्यांत बारीक तारेवर, मानेवरच्या सहाव्या पडद्याशी, म्हणजे सहाव्या पट्टीशी आल्यावर सूर उमटल्या उमटल्या मेला. आधीचा छान लांबला होता, नंतरचाही लांबला. हा मधलाच तेवढा ठप्प झाला. फोनमधून बेसचा खरा तळ कधी येत नाही, वरवरची सावली येते, बाकीचं कान भरून काढतो. माझा कान भरून काढतो आणि चुकत नाही. त्या मेलेल्या जागेबरोबर मी नऊ वर्षं संसार केला आहे.

माझं काम काय ते इथं सांगायला हवं, कारण ते सांगताना मला नेहमीच बरं वाटतं. आमचा रेडिओ बोलतो. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. सरकारी पैशांवर चालतो आणि सकाळपासून माणसं बोलत असतात, भांडतात, समजावतात. त्यावर ऐकणाऱ्यांचं म्हणणं काय, हे ऐकायला तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. खोलीत एक टेबल, एक यंत्र आणि एकोणीस वर्षांपासून मी. आदल्या दिवशीचे निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचे, प्रत्येकापुढे खूण करायची, तक्रार, कौतुक, सूचना नाहीतर ‘इतर’, आणि शुक्रवारी चार वाजता एका पानावर सगळ्याचं सार घेऊन संचालकबाईंकडे जायचं. वरच्या मजल्यावर त्याला ‘शुक्रवारचं पान’ म्हणतात आणि भलेभले त्याला घाबरतात. मी घाबरत नाही, कारण ते मीच लिहिते. बाहेरच्यांना वाटतं, चर्चेच्या रेडिओला फोन करणारी माणसं चर्चेबद्दल बोलत असतील. छे! एक बाई म्हणतात, तुमची निवेदिका हसते फार, एवढं हसण्यासारखं जगात काय चाललंय ते आम्हालाही कळू द्या. एक निवृत्त गृहस्थ म्हणतात, तुम्ही प्रत्येक प्रश्नाच्या दोन बाजू दाखवता, आमच्या घरात तर जेवायच्या टेबलावरच तीन असतात. एकानं सांगितलं, माझ्या वडिलांना तुमचा रेडिओ आवडायचा, ते गेले. मला आवडत नाही, पण बंद करवत नाही. हा निरोप मी ‘इतर’मध्ये टाकला. आणखी कुठे टाकणार?

मी निरोप पुरता ऐकत नाही, ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते, पण तिचा मला अभिमान होता. शितावरून भाताची परीक्षा. पहिलं वाक्य, फार तर दुसरं, आणि माणूस कळतो. श्वास कसा घेतला, ‘नमस्कार’ किती जोरात आपटला, मागं भांडी वाजतायत की पंखा, यावरून मी सांगेन की हा चिडलाय, हा एकटा आहे, या बाईला नवऱ्यानं फोन करायला लावलाय. नेहमीच्यांना मी टोपणनावं दिली आहेत. त्यांतला ‘साडेअकरा’ हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कडू. चार वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा तरी, बरोबर साडेअकराला. जुन्या वाद्यांचं दुकान आहे, रेडिओ दिवसभर चालू असतो, आणि त्याचं एकच रडगाणं: तुमची माणसं समोरच्याला बोलू देत नाहीत, मध्ये तोडतात. त्याच्या नावापुढे तक्रारीची खूण मी निरोप सुरू व्हायच्या आधीच करते. त्या गुरुवारीही तशीच केली होती.

आणि तो गुरुवार साधा नव्हता. मंगळवारी दुपारच्या चर्चेत मोठा घोळ झाला होता. दुपारची चर्चा आमचा मास्तर चालवतो. आधी शाळेत शिकवायचा म्हणून मास्तर. विषय होता, निवृत्तीनंतर दिवस कसा घालवायचा. एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी बागकामाचं सांगितलं, चालायला जाण्याचं सांगितलं, मग म्हणाले, सकाळी उठलो की आधी बायकोचा चष्मा पुसून तिच्या उशाशी ठेवतो, आता तिथं कुणी नसतं, तरी... आणि तिथंच अडले. अशा वेळी निवेदकानं काहीतरी बोलायचं असतं, नियमच आहे. मास्तर बोलला नाही. पाच सेकंद, सात, नऊ. दहाव्या सेकंदाला आमचं यंत्र आपोआप एक धून लावतं, कारण यंत्राला वाटतं स्टेशन बंद पडलं. नियंत्रण कक्षात लाल दिवा लागला, तिथल्या इंजिनिअरनं मास्तरकडे बघितलं, मास्तरनं काचेमागून हात वर केला, आणि त्या भल्या माणसानं बटण दाबून धून अडवली. अकरा सेकंद सगळ्या मुलखात नुसती शांतता. मग त्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि वाक्य पुरं केलं. बुधवारी संध्याकाळी संचालकबाईंनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, “मास्तरला दुपारवरून काढून पहाटेच्या बाजारभावांवर बसवा, असं वरून आलंय. मी म्हटलं, आधी ऐकणारे काय म्हणतात ते बघू. तुझं पान येईल तसं ठरेल. काय दिसतंय?” मंगळवारचे चाळीसेक निरोप मी ऐकले होते. रेडिओ बंद पडला का? पैसे कशाचे घेता? एकानं तर सेल बदलले होते. “एकमत आहे,” मी म्हटलं, ठामपणे. मला मास्तर आवडतो. डब्यातलं लोणचं न मागता पुढं करणारा माणूस. पण मत श्रोत्यांचं, कान माझा. आपल्या आवडीनं पान वाकवायला लागले तर मी तिथं कशाला?

तर गुरुवारी ती चार सेकंदं मी नऊ वेळा ऐकली. म्हातारा वर काहीतरी बोलत होता, त्याचा आवाज मी कानानंच बाजूला सारला, गर्दीत ओळखीच्या माणसाकडे जाताना पुढच्याला सारतो तसा. आणि मागं तो सूर मरत होता. ती गिटार मला मामानं दिली होती. मामाचा चार जणांचा वाद्यवृंद होता, लग्नांत आणि हॉटेलांत वाजवायचा. मी सतरा वर्षांची, गाता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं, आणि गप्पही बसता येत नव्हतं. मामा म्हणाला, “ही घे. बेस म्हणजे घरातली थोरली सून. कामाला सगळ्यांच्या आधी, कौतुकाला सगळ्यांच्या शेवटी. पण एक दिवस माहेरी गेली की घर बसतं.” तेव्हाच ती गिटार जुनी होती, दोन हातांखालून आलेली, उन्हानं पिवळी पडलेली, आणि सहाव्या पडद्याशी मुकी. पहिल्याच कार्यक्रमात मी त्या सुरावर जोरात बोट आपटलं आणि काही आलं नाही, नुसता धप्प आवाज. ड्रमवाला हसला. मामा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दाखवलं, तोच सूर शेजारच्या जाड तारेवर पाच पडदे पुढे सापडतो. मग मी तिथं जायला शिकले. सहाव्याशी आलं की बोटं आपोआप उडी मारायची. लोक म्हणायचे, पोरीचं वाजवणं वेगळंच आहे, मध्येच कशी वळते बघा. ते वळण म्हणजे खड्डा चुकवणं होतं. पण कुणाला सांगायची काय गरज? माझी बोटं छोटी, अंगठ्यानं वाजवताना त्यांना धरायला काही लागायचं, म्हणून मामानं तारांच्या खाली टेबलाच्या कप्प्याची लाकडी मूठ दोन स्क्रूंनी ठोकून दिली होती. जगात कप्पा असलेली गिटार एकच, आणि ती आमची, असं तो सांगत फिरायचा.

मामा गेला, वाद्यवृंद मोडला, मला नोकरी हवी होती. गिटार घेणारा माणूस उंच होता, वरच्या मजल्यावर राहायचा, त्यानं घासाघीस केली नाही, वाजवूनही बघितली नाही. मी ती त्याच्या हातात दिली आणि खाली उतरले. मी एकदाही मागं वळून बघितलं नाही असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरं आहे. जिन्यात वळायला जागाच नव्हती. नंतर लग्न झालं, लेक झाली, नवऱ्यानं दुसऱ्या गावात दुसरा संसार थाटला, त्याचंही मी फार मनाला लावून घेतलं नाही. रेडिओत लागले तेव्हा मुलाखतीत विचारलं, अनुभव काय? मी म्हटलं, नऊ वर्षं सगळ्यांच्या मागं उभी राहून ऐकलंय. तिथल्या तिथं घेतलं. आता लेक लांब असते, रविवारी फोन करते. तिच्या पहिल्या ‘हॅलो’वरून मी ओळखते, सर्दी झालीय, झोप झाली नाही, ऑफिसात कुणाशी तरी वाजलंय. दोन महिन्यांपूर्वी ती एकदम चिडली. “आई, सर्दीचं राहू दे गं! तू ऐकतेस कुठे? तू नुसती ओळखतेस.” मला हसू आलं होतं. ओळखणं म्हणजे ऐकण्याच्या पुढची पायरी, असं मी तिला सांगितलं. त्या दिवशी ती काय सांगायला बघत होती ते मात्र मला नंतर आठवेना. विचारायचं राहूनच गेलं. तिनंही परत काढलं नाही.

‘साडेअकरा’नं एकदा पत्र पाठवलं होतं, त्यावर पत्ता होता. दुपारी डबा तसाच ठेवून मी निघाले. सगळ्या वाटेवर माझी चाल मला जाणवत होती, पंचवीस वर्षांची असल्यासारखी, पाठ ताठ, खांद्याला अदृश्य पट्टा. मनात सगळं ठरलं होतं. ती घरी आणायची, पलंगाच्या बाजूला उभी करायची. लेकीला सांगायचं, बघ, एकतीस वर्षांनी, फोनवरून, चार सेकंदांत. मग बोल म्हणावं माझ्या कानाबद्दल. दुकान दोन पायऱ्या उतरून होतं. सरसाचा आणि जुन्या लाकडाचा वास, भिंतीवर माना टांगलेल्या गिटारी, बिस्किटांच्या डब्यात तारांची वेटोळी, फळीवर आमचाच रेडिओ चालू, दुपारची चर्चा सुरू व्हायला अजून वेळ होता. ‘साडेअकरा’ मी समजत होते त्याहून बुटका निघाला. सत्तरीचा, पुढं कातडी एप्रन, भुवया मात्र आवाजाला शोभतील अशा.

“मी रेडिओवरून आलेय,” मी म्हटलं. “श्रोता अभिप्राय.”

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. चेहरा असा उजळला की मला थोडं अवघडल्यासारखं झालं. “आलात? मला वाटलंच, या खेपेला कुणीतरी येईल. बसा, बसा. थांबा, त्यावर व्हायोलिन आहे.”

“बसते. पण आधी एक सांगा. काल तुम्ही फोन केलात तेव्हा मागं कुणी बेस वाजवत होतं.”

“हो, एक गिऱ्हाईक. घेतली नाही. सहावा पडदा मरतो म्हणाला.”

“तीच,” मी म्हटलं. “ती माझी आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आतून एक गिटार आणून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली, वायर जोडली, अँप्लिफायरच्या खोक्याचं बटण फिरवलं. वजन तेच. डाव्या हातात मान आली तशी तळव्याला ओळख पटली. बोटांची टोकं आता मऊ झालीत, तारा रुतल्या, पण मी डोळे मिटले आणि मामाच्या वेळची एक चाल धरली, आणि सहाव्या पडद्याशी आल्यावर माझ्या बोटांनी मला न विचारता उडी मारली, शेजारच्या तारेवर, पाच पडदे पुढे. एकतीस वर्षांनी! मी मुद्दाम परत आले आणि त्या मुक्या जागेवर बोट ठेवून सूर काढला. धप्प. “सापडली,” मी म्हटलं.

“डोळे उघडा,” म्हातारा म्हणाला. “काही खूण होती का अंगावर?”

मी हसून त्याला कप्प्याच्या मुठीची गोष्ट सांगायला लागले आणि सांगता सांगता खाली बघितलं. तारांच्या खाली पिवळा रंग सलग होता. भोकं नव्हती. “बुजवली असतील,” मी म्हटलं. त्यानं विजेरी दिली. “बघा. हा रंग मूळचा आहे. या वयाच्या रंगात बुजवलेलं भोक लपत नाही.” मी बघितलं. तिरपा उजेड टाकला, नखानं चाचपलं. एक ओरखडा नाही. तेवढ्यात त्यानं भिंतीवरून दुसरी काढली, काळी, त्याच बनावटीची, आणि सहाव्या पडद्यावर सूर काढला. धप्प. मग तिसरी. धप्प. “या घराण्याची खोडच आहे,” तो म्हणाला. “लाकडाचं वजन असं पडतं की त्या जागेचा सूर मानच गिळून टाकते. मागच्या वर्षी एक जण आला होता, तोही शपथेवर सांगत होता, माझीच म्हणून. बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हे दुखणं आपल्या एकट्याचंच.”

मला लाज वाटली. साधी, शाळेतल्यासारखी लाज, कान तापवणारी. नऊ वर्षं मी जिला माझं व्यंग समजून लपवलं आणि नंतर माझी शैली म्हणून मिरवलं, ती या जातीतल्या प्रत्येकीला जन्मतः मिळालेली गोष्ट होती, आणि तेवढ्या ओळखीवर मी भर दुपारी ऑफिस टाकून धावत आले होते. मी गिटार खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सवयीनं चेहऱ्यावर ऑफिस आणलं. म्हातारा स्टुलावर बसला, थोडा पुढं झुकला.

“बरं, ते राहू द्या,” तो म्हणाला. “माझ्या निरोपाचं काय झालं?”

“नोंद घेतली आहे.”

“काय नोंद घेतली?”

“तक्रार,” मी म्हटलं. इतक्या सहज, की कुणी माझं नाव विचारलं असतं तर तेवढ्याच सहज सांगितलं असतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही; राग मी ओळखला असता. फळीवरच्या रेडिओत कुणीतरी हवामान सांगत होतं. “तक्रार,” तो म्हणाला. “काय म्हणालो होतो मी?”

मी तोंड उघडलं. त्याचा श्वास मला आठवत होता. मागं रस्त्यावरून गेलेली गाडी आठवत होती, सहावा पडदा तर आठवतच होता. त्याचं एक वाक्य, एक शब्द आठवत नव्हता. नऊ वेळा ऐकलं होतं मी ते. “तुम्ही... नेहमीप्रमाणे...” मी म्हटलं आणि थांबले.

“मी परत सांगणार नाही,” तो उठत म्हणाला. “तुमच्याकडे आहे ते. चार वर्षं सांगतोय, बाई. त्यात एकदा वेगळं बोललो.” आणि त्यानं पेचकस उचलला.

परत येताना मी पायीच आले. मी त्या म्हाताऱ्यावर चिडले होते, मग त्या गिऱ्हाइकावर, की त्याला नेमका तेव्हाच सूर चढायचा होता. सिग्नलला उभी असताना आठवलं, ती चिडली त्या रविवारी लेक मला नोकरी सोडल्याचं सांगत होती. सांगून झालंही होतं तिचं. मी म्हटलं होतं, आल्याचा चहा घे. सिग्नल दोनदा हिरवा झाला. तिसऱ्यांदा मी रस्ता ओलांडला, तिसऱ्या मजल्यावर गेले, दार लावलं, हेडफोन घातले आणि ‘साडेअकरा’चा निरोप पहिल्यापासून लावला. या वेळी गिटार सारली आणि माणूस ऐकला.

“नमस्कार. मी तोच. काल तुमच्याकडे तो माणूस बोलता बोलता अडला आणि तुमचा मास्तर गप्प बसला. इथं दुकानात आम्ही तिघं होतो. एक जण तारा बघत होता, त्यानं तारा खाली ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. मी चार वर्षं सांगतोय, माणसाला मध्ये तोडू नका. काल नाही तोडलंत. त्याचं त्यानं वाक्य पुरं केलं. एवढंच सांगायला फोन केला. तक्रार नाही.”

आणि त्या शेवटच्या दोन शब्दांच्या मागं सहावा पडदा वाजला आणि मेला. नेमकी तीच चार सेकंदं. नऊ वेळा मी मागं जाऊन तीच ऐकली होती, नऊ वेळा तो माणूस माझ्या कानात ‘तक्रार नाही’ म्हणाला होता, आणि शेजारच्या कागदावर त्याच्या नावापुढे मी केलेली खूण होती, माझ्या अक्षरात, ठळक. मी बराच वेळ हेडफोन काढले नाहीत. मास्तरचं काय होणार ते माझ्या पानावर ठरणार होतं, आणि ते पान पहिल्या वाक्यांचं बनलं होतं.

शुक्रवारी मी सात वाजता ऑफिसात होते, झाडूवाल्याच्याही आधी. मंगळवारपासूनचे सगळे निरोप परत लावले, शेवटपर्यंत, फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत. काम अवघड असतं असं नाही. फक्त हात खूण करायला धावतो, त्याला मांडीवर दाबून ठेवावं लागतं. ज्यानं सेल बदलले होते, तो पुढं म्हणत होता, नवे घातले तरी आवाज नाही, मग लक्षात आलं की माणूस रडतोय, मग मीही खाली बसलो. ‘पैसे कशाचे घेता’वाल्या बाई दम घेऊन म्हणत होत्या, पण खरं सांगू का, माझ्या घरात माझ्यासाठी कुणी इतका वेळ थांबलेलं नाही. सगळेच असे नव्हते. बरेच जण चिडलेलेच होते, एक जण फारच घाण बोलला, आणि तेही मी शेवटपर्यंत ऐकलं. पण एकमत? एकमत कुठंच नव्हतं.

चार वाजता संचालकबाईंनी चष्मा लावून हात पुढं केला. “दे. एकमत ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“बुधवारी म्हणालीस.”

“बुधवारी मी चुकले.”

एवढंच वाक्य होतं. एकोणीस वर्षं मी ते जिभेखाली जपून ठेवलं होतं असं नाही, मला ते येतच नव्हतं. आणि म्हटल्यावर काही कोसळलं नाही, पंखा फिरत राहिला. मी निरोपांचं यंत्र बरोबर नेलं होतं. सेलवाला लावला, त्या बाई लावल्या, घाण बोलणाराही लावला, लपवाछपवी नको. शेवटी ‘साडेअकरा’. बाई त्याला ओळखतात, त्याच्या आवाजाला त्यांनी सवयीनं डोळे फिरवले. मग हळूहळू त्यांचे डोळे खाली आले. निरोप संपल्यावर त्या पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या.

“मग आधीच्या पानांचं काय?” त्यांनी विचारलं. “एकोणीस वर्षांच्या?”

हा प्रश्न मी सकाळपासून स्वतःला विचारायचं टाळत होते. “माहीत नाही,” मी म्हटलं. “यापुढची नीट असतील.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानावर दोन ओळी खरडल्या आणि सही केली. “दुपार मास्तरकडेच राहू दे. आणि त्या धूनवाल्या यंत्राला सांग म्हणावं, दहाऐवजी वीस सेकंद दम धर.” मी जिन्यात मास्तरला गाठून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “बरं झालं. पहाटे उठायला मला जमलं नसतं.” आणि भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागला, फार वेळ.

शनिवारी मी परत त्या दोन पायऱ्या उतरले. म्हाताऱ्याला म्हटलं, ऐकलं, शेवटपर्यंत. त्यानं मान हलवली आणि विचारलं, “पिवळी की काळी?” मी पिवळी घेतली. ती माझी नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि मला तीच हवी होती. रविवारी लेकीचा फोन आला. तिला सर्दी होती. मी काही बोलले नाही. ती तब्बल चाळीस मिनिटं बोलली, आणि मध्ये एकदा थांबून म्हणाली, “आई, आहेस ना?” मी म्हटलं, “आहे. बोल.”

मंगळवारी सकाळी सोमवारचे निरोप लावले. साडेअकराला तो होताच. “नमस्कार. मी तोच. चांगलं म्हटलं की तुमचा मास्तर शेफारला. शुक्रवारी त्या डॉक्टरीणबाईंना त्यानं तीनदा मध्ये तोडलं. तीनदा! मी मोजलंय. असं चालणार नाही.” मग फोन नीट ठेवला गेला नसावा, कारण आवाज चालूच राहिला. कप्पा ओढल्याचा, स्टूल सरकल्याचा, बाहेरून गेलेल्या गाडीचा. मागं काहीच वाजत नव्हतं. ती माझ्या घरी होती, पलंगाशेजारी भिंतीला टेकून. मी हात मांडीवर ठेवून बसले, पार शेवटचा खट्ट होईपर्यंत, आणि मग त्याच्या नावापुढे खूण केली. तक्रार.